पप्पा, अध्यक्ष म्हणून काय केलं?

मागच्या महिन्यात पप्पांनी मला एक काम दिलं. 'बेटा, तुझं मराठी चांगलं आहे. माझं निरोपाचं भाषण लिहून दे. पाच मिनिटांचं. जास्त नको, लोकांना जेवायचं असतं.'

निरोप म्हणजे पप्पा हॉटेल बंद करत नाहीयेत, काळजी नसावी. आमची शेवभाजी जळगावात आहे तिथेच मिळेल. पप्पा शहरातल्या हॉटेलवाल्यांच्या संघटनेचे दोन वर्षं अध्यक्ष होते, २०२३ पासून. मुदत संपली. नवा अध्यक्ष येणार, जुन्याला शाल-श्रीफळ मिळणार आणि त्याने 'मनोगत' व्यक्त करायचं, अशी पद्धत.

मी लॅपटॉप उघडला आणि विचारलं, 'सांगा, दोन वर्षांत काय काय केलं?'

पप्पा बराच वेळ गप्प. मग त्यांनी काउंटरच्या खणातून डायरी काढली आणि वाचायला लागले. अमुक अधिकाऱ्यांचा सत्कार. तमुक मंत्र्यांना निवेदन. कोजागरीचा कार्यक्रम. रक्तदान शिबिर. पुन्हा सत्कार. मी टाइप करत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. शेवटी म्हणाले, 'हस तू. पण रात्री साडेअकराला फोन येतो ना, पोलिसांनी शटर पाडायला लावलं म्हणून, तो फोन या डायरीत नाही.'

तिथून आमची दोघांची जी चर्चा सुरू झाली, ती चार दिवस चालली. तिच्यावरच हा लेख आहे. कारण माझ्या वयाच्या बहुतेकांना 'संघटना' या शब्दाची ॲलर्जी आहे. मलाही होती. आता थोडी कमी झाली आहे, पूर्ण गेलेली नाही.

फुकटचं पद, महागडी दोन वर्षं

आधी हे सांगते की या पदाला पगार नसतो. उलट स्वतःच्या धंद्याचा वेळ जातो. संध्याकाळी सात ते दहा ही हॉटेलची कमाईची वेळ, आणि बैठका नेमक्या तेव्हाच. या दोन वर्षांत गल्ल्यावर आई बसली. आमचे वस्ताद सुट्टीवर गेले तर फोडणीला मी उभी राहिले. हॉटेल मॅनेजमेंटची डिग्री घेऊन २०२० मध्ये घरी परतले होते ती 'दोन महिन्यांसाठी'. अजून इथेच आहे.

काम काय असतं? अन्न परवान्याचं नूतनीकरण अडलं, कमर्शिअल सिलिंडर वेळेत आला नाही, ओल्या कचऱ्याची गाडी चुकली, वेटर उचल घेऊन गावी गेला तो परत आलाच नाही, शेजारच्या बिल्डिंगवाल्यांनी धुराची तक्रार केली. प्रत्येकाला वाटतं, अध्यक्षाने हे सोडवावं. अध्यक्षाकडे अधिकार शून्य. त्याच्याकडे फक्त एक लेटरहेड आणि चार लोकांची ओळख असते.

आमची आजी तर वेगळ्याच कारणाने नाराज होती. आमचं हॉटेल शुद्ध शाकाहारी, पण संघटनेत परमिट रूमवालेही आहेत. १ नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममध्ये बसून पिणाऱ्याच्या बिलावरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला. पुढे २०२५ मध्ये उत्पादन शुल्क वाढलं आणि १४ जुलैला राज्यभरातल्या बार आणि परमिट रूमनी एक दिवसाचा बंद पाळला. मुंबईची 'आहार' ही संघटना त्यात पुढे होती. आमच्याकडे पप्पांना त्या दिवसांत सतत फोन. आजीने ऐकवलंच, 'माळ घालणाऱ्या बापाचा पोरगा दारूवाल्यांचा अध्यक्ष झाला!'

पप्पा गप्प बसले. पण मला हा प्रश्न खरा वाटतो. ज्याचा धंदा आपण करत नाही, कदाचित करणारही नाही, त्याच्यासाठी बोलायचं की नाही? आणि बोलायचं तर कुठपर्यंत?

एका अध्यक्षाची गोष्ट

पप्पांच्या डायरीत उत्तर सापडेना, म्हणून मी बाहेर शोधलं. देशपातळीवर रेस्टॉरंटवाल्यांची एक मोठी संघटना आहे, नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडिया. १९८२ सालची. मुंबईचे अनुराग कटरियार २०१९ ते २०२१ या काळात तिचे अध्यक्ष होते. पद घेताना या माणसाला काय वाटलं असेल? त्यांच्या आधीचे अध्यक्ष राहुल सिंग यांच्या काळात, ऑगस्ट २०१९ मध्ये, 'लॉगआउट' मोहीम गाजली होती. ॲपवरच्या भरमसाट सवलतींना कंटाळून शेकडो रेस्टॉरंट त्या योजनांमधून एकाच वेळी बाहेर पडली होती. नव्या अध्यक्षाला वाटलं असणार की आपलं काम म्हणजे हीच लढाई पुढे नेणं.

आणि मार्च २०२० उजाडला.

संघटनेच्या २०१९ च्या अहवालात हा उद्योग वर्षाला सुमारे ४ लाख २३ हजार कोटी रुपयांचा आणि सुमारे ७३ लाख लोकांना रोजगार देणारा असल्याचं म्हटलं होतं. कोविडनंतरच्या अहवालात हीच उलाढाल २ लाख कोटींच्या आसपास आली. म्हणजे निम्म्याहूनही कमी. चारांतल्या एका रेस्टॉरंटचं शटर कायमचं पडलं, असा त्याच अहवालाचा अंदाज. महाराष्ट्रात बसून जेवायला परवानगी मिळाली ती थेट ५ ऑक्टोबर २०२० ला, तीही निम्म्या क्षमतेने. सहा महिन्यांहून जास्त काळ टेबलं उलटी ठेवलेली. भाडं चालू, व्याज चालू, लाइट बिलाचा स्थिर आकार चालू.

अशा वेळी अध्यक्ष काय करतो? सरकारकडे मदत मागतो, घरमालकांकडे भाडेमाफी मागतो, टीव्हीवर बोलतो. मिळालेलं थोडं, न मिळालेलं जास्त. दोन वर्षांचं प्रगतिपुस्तक काढलं तर कदाचित नापास.

पण मुदत संपत आली असताना, जुलै २०२१ मध्ये, याच संघटनेने झोमॅटो आणि स्विगीविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे रीतसर तक्रार दाखल केली. कमिशन फार आहे, ग्राहकाची माहिती आम्हाला दिली जात नाही, दुसरीकडे कमी भाव लावू दिला जात नाही, स्वतःशी जोडलेल्या किचनना झुकतं माप दिलं जातं, असे मुद्दे. सप्टेंबर २०२१ मध्ये कबीर सुरी नवे अध्यक्ष झाले. ४ एप्रिल २०२२ ला आयोगाने चौकशीचा आदेश दिला. सगळे मुद्दे मान्य केले नाहीत, काही केले. म्हणजे अर्ज एकाच्या काळात आणि आदेश दुसऱ्याच्या काळात.

हे वाचून मी पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, 'बघ, विहीर खोदणारा वेगळा असतो, पाणी पिणारा वेगळा.' मी म्हटलं, 'पप्पा, पण त्यांच्याकडे विहिरीचा कागद होता. तुमच्याकडे डायरी आहे.'

मला यातला फरक महत्त्वाचा वाटतो. निवेदन देताना काढलेला फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो आणि संपतो. आकडे, बिलं, करारांच्या प्रती जोडलेली तक्रार मात्र अध्यक्ष बदलला तरी चालत राहते.

शेवभाजीचं गणित

तुम्हाला वाटेल, ही दिल्ली-मुंबईची भांडणं, आपल्याला काय? म्हणून आमच्या किचनचं गणित मांडते. समजा, ॲपवर शेवभाजीची प्लेट २०० रुपयांना आहे. ३० रुपयांची सवलत हॉटेलने सोसायची, नाहीतर यादीत खाली ढकललं जाण्याची भीती. उरले १७०. त्यावर समजा २५ टक्के कमिशन, म्हणजे साडेबेचाळीस. कमिशनवर १८ टक्के जीएसटी, साडेसात रुपये धरा. हातात आले १२० रुपये. त्यात शेव, तेल, मसाला, रस्सा सांडणार नाही असा डबा, गॅस आणि वस्तादाचा पगार. रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटीत भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे कमिशनवरचा कर आमच्याच खिशातून गेला.

एकदा आम्ही ॲपवाल्यांना विचारलं की आमच्याकडे वारंवार ऑर्डर करणारे कोण, निदान कुठल्या भागातले? उत्तर आलं नाही. पप्पांना टेबलावरचं गिऱ्हाईक नावाने माहीत असतं, कुणाला तर्री जास्त लागते, कुणाला कांदा नको, सगळं. फोनवरच्या गिऱ्हाइकाचं मात्र पहिलं नावसुद्धा धड कळत नाही.

एकटं हॉटेल याविरुद्ध काही करू शकत नाही. करारावर सही करायची किंवा नाही करायची, एवढंच हातात. इथे मला पहिल्यांदा पटलं की संघटना लागते.

पण कुणाची संघटना?

आता दुसरी बाजू. याच राष्ट्रीय पातळीवरच्या संघटना २०२२ पासून सर्व्हिस चार्जसाठी कोर्टात लढत होत्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की हा चार्ज बिलात आपोआप लावता येणार नाही. संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आधी स्थगिती मिळाली, आणि २८ मार्च २०२५ ला याचिका फेटाळल्या गेल्या.

जळगावात शेवभाजीच्या बिलावर १० टक्के सर्व्हिस चार्ज लावून बघा. गिऱ्हाईक बिल तुमच्यासमोर ठेवेल आणि विचारेल, 'काय भो, वाढलं म्हणून पैसे?' आपल्याकडे हा प्रश्नच नाही. मग जो प्रश्न आपला नाही, त्यावर वर्षानुवर्षं ताकद जाते, आणि आपला प्रश्न बैठकीच्या विषयपत्रिकेवरही येत नाही.

माझे मामा धुळ्याला ढाबा चालवतात. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात ते हे शहर. मामा कुठल्याच संघटनेचे सभासद नाहीत. मे २०२० मध्ये मुंबईहून पायी निघालेले मजूर बिजासन घाटाकडे याच रस्त्याने जात होते. मामांनी बंद ढाब्याच्या मागच्या चुलीवर रोज खिचडी लावली. परवानगी कोणाची घेतली, हे आजही विचारू नका. पुढे ढाबा सुरू करताना मात्र कर्जाच्या हप्त्यापासून सॅनिटायझरच्या नियमापर्यंत त्यांना काही विचारायला माणूस नव्हता. त्यांच्यासाठी 'हॉटेल उद्योग' हा शब्द पेपरातला.

आणखी एक. हिवाळ्यात आपल्याकडे भरीत पार्ट्या रंगतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, आपण ते अभिमानाने सांगतो. पण कळण्याच्या भाकरी थापणाऱ्या, खापरावर मांडे टाकणाऱ्या बायकांना ऑर्डर देऊन आपण त्यांच्या नावाशिवाय तो पदार्थ विकतो. पप्पांच्या संघटनेच्या बैठकीत मी एकदा गेले होते. खोलीत मी सोडून एकही बाई नव्हती, आणि मला चहा सांगायला पाठवलं गेलं. हे भाषणात लिहू का, असं मी विचारलं. पप्पा म्हणाले, 'लिही.'

सभासदांना 'नाही' म्हणणं

मला वाटतं, अध्यक्षाची खरी परीक्षा सरकारसमोर होत नाही. ती स्वतःच्या सभासदांसमोर होते.

मी कॉलेजात होते तेव्हाचं आठवतं. सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असं सांगितलं आणि १ एप्रिल २०१७ पासून ते लागू झालं. त्यानंतर जळगाव शहरातले राज्यमार्ग महापालिकेकडे वर्ग करण्यावरून केवढा वाद झाला! रस्त्याचं नाव बदललं की दुकान वाचतं, ही युक्ती सगळ्यांना कळत होती. परमिट रूमवाल्याचं दुःख खोटं नव्हतं. त्याने कर्ज काढलेलं, माणसं कामावर ठेवलेली. पण ज्या महामार्गावर रोज अपघात होतात, त्या रस्त्यावर राहणाऱ्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. व्हॅट दुप्पट झाला म्हणून संघटनेने भांडावं, जरूर भांडावं. रस्त्याची सुरक्षा आणि गल्ला यांत मात्र संघटनेने नेहमी गल्ल्याचीच बाजू घ्यायची असेल, तर बाहेरचा माणूस आपलं कशाला ऐकेल?

दुसरा प्रसंग पप्पांच्याच काळातला. तेल महागलं तेव्हा काही सभासद म्हणाले, 'सगळ्यांनी मिळून एकच रेटकार्ड छापू. कुणी कमी भावात विकलं तर त्याला संघटनेतून काढू.' ऐकायला एकजूट वाटते. पण २००२ च्या स्पर्धा कायद्यात धंद्यातल्या लोकांनी एकत्र बसून भाव ठरवणं हे कलम ३ खाली येतं. ज्या कायद्याचा आधार घेऊन आपण ॲपवाल्यांविरुद्ध ओरडतो, तोच कायदा आपल्यालाही लागू आहे. पप्पांनी नकार दिला. चार जण नाराज झाले, त्यातला एक वीस वर्षांचा मित्र. तो आजही आमच्याकडे चहाला येत नाही.

डायरीत त्या दिवशी फक्त एवढंच आहे, 'बैठक. विषय: दर.'

मी म्हटलं, 'पप्पा, भाषणात हे पाहिजे.' ते म्हणाले, 'याचा कुठे सत्कार होतो?'

मग माझं म्हणणं काय?

जळगाव-धुळ्यात अनेक धंद्यांच्या अशा संघटना आहेत. दर दोन-तीन वर्षांनी अध्यक्ष बदलतात, फ्लेक्स बदलतात. काम मात्र दर वेळी पहिल्या पानापासून सुरू होतं. माझ्या तीन मागण्या आहेत, मोठ्या नाहीत.

पहिली, जाणाऱ्या अध्यक्षाने येणाऱ्याला हारासोबत फाइल द्यावी. कोणतं निवेदन कुठे अडकलं, कुणाकडून उत्तर यायचंय, कुठे आपण हरलो आणि का. हरलेलं लिहायची लाज वाटू नये. नाहीतर पुढचा तीच भिंत पुन्हा डोक्याने फोडतो.

दुसरी, वर्षातून एकदा तरी बैठकीला वेटर, वस्ताद आणि भांडी घासणाऱ्यांना बोलवा. कारागीर टिकत नाही ही प्रत्येक मालकाची तक्रार. तो का टिकत नाही, हे त्याला कुणी विचारलंय? आमच्याकडे सातपुड्यातल्या पाड्यांवरून आलेली मुलं आहेत. माळ्यावर झोपतात. गेल्या वर्षी आम्ही त्यांना आठवड्याची सुट्टी ठरवून द्यायला लागलो. कायद्यात ती आधीपासूनच आहे, आम्हीच उशिरा जागे झालो. गावी गेलेला मुलगा परत येतो, हे तेव्हापासून बघतेय.

तिसरी मागणी तुमच्या-माझ्याकडे. आपण पस्तिशीच्या आतले लोक कॅफे काढतो, क्लाउड किचन काढतो, मस्त रील बनवतो. कमिशन वाढलं की स्टेटस ठेवतो. पण करार वाचून, सहा महिन्यांची बिलं जोडून, वीस जणांच्या सह्या घेऊन अर्ज करायला कुणी बसत नाही. 'त्या म्हाताऱ्यांच्या बैठका कोण ऐकणार' असं म्हणतो. मीही म्हणत होते. पण एक्सेल आपल्याला येतं, कायदा शोधता आपल्याला येतो. त्यांना माणसं ओळखता येतात. या दोन गोष्टी एका टेबलावर यायला हव्यात, आणि त्यासाठी आपल्याला तिथे जाऊन बसावं लागेल. चहा सांगायला पाठवलं तरी परत येऊन बसावं लागेल.

भाषण

पप्पांनी भाषण साडेतीन मिनिटांत संपवलं. सत्कारांची यादी त्यांनी स्वतःच खोडली होती. ते म्हणाले, 'दोन वर्षांत तीन कामं झाली, पाच राहिली. राहिलेल्या पाचांची फाइल इथे आहे.' मग नव्या अध्यक्षांच्या हातात एक साधी निळी फाइल दिली. आम्ही दोघांनी रात्री जागून लावली होती ती. त्यात ॲपच्या कमिशनची अकरा हॉटेलांची बिलं आहेत. टाळ्या बेताच्याच पडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, 'झालं का? पंगत बसवा आता.'

जेवताना तो वीस वर्षांचा मित्र पप्पांच्या शेजारच्या पाटावर येऊन बसला. बोलला काही नाही. वाटीत थोडी तर्री वाढून घेतली.

फाइलचं पुढे काय होईल, मला माहीत नाही. नव्या अध्यक्षांनी तिसऱ्या दिवशी फोन केला होता, पप्पांना नाही, मला. म्हणाले, 'ताई, ते बिलांचं टेबल कसं वाचायचं, जरा समजावून सांगता का? पुढच्या मंगळवारी बैठक आहे, संध्याकाळी सात वाजता.'

सात म्हणजे ऐन गर्दीची वेळ. पप्पा म्हणाले, 'जा तू. गल्ल्यावर मी बसतो.'